तुम्ही विचारलंत म्हणून: मी दारात का बसतो

पूरग्रस्तांच्या मदतीचा कार्यक्रम असो, नाहीतर सांगलीत कृष्णेला मिळणाऱ्या शेरीनाल्याच्या घाणीविरुद्ध धरणं आंदोलन. 'सर, कविता का वाचत नाही? दारात पावतीपुस्तक घेऊन काय बसता?' कुणाला वाटतं भाव खातोय, कुणाला वाटतं आटलाय. आटलो नाही. घरात दोन वह्या भरून पडल्यात.

कवीनं शहराच्या अडीनडीला उभं राहू नये, असं मी कधीच म्हटलेलं नाही. उलट 2005 च्या पुरानंतर मीच मारुती चौकात चहाच्या गाड्यावर तावातावानं सांगायचो, जी रस्त्यावर वाचता येत नाही ती कविता कपाटात ठेवा. तेव्हाचा तो पोरगा आज भेटला तर मला पळपुटा म्हणेल. म्हणू दे.

2019 चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलेलं. ओसरल्यावर आम्ही पाचसहा जण सूर्यवंशी प्लॉटमध्ये गाळ काढायला गेलो. एका घरात दोरीवर ओल्या साड्यांच्या मधोमध, चिमट्यात अडकवलेली मुलीची दहावीची मार्कलिस्ट. फावडं टेकवून मी बघतच राहिलो. त्याच रात्री कविता झाली. शेवटी ऊन पडतं, मार्कलिस्ट वाळते आणि वाऱ्यावर फडफडते.

महिन्याभरानं मदतनिधीसाठी कविसंमेलन झालं. त्या ओळीला टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत होते. डबा फिरला, नोटांनी त्याचं झाकण बसेना. मला फार बरं वाटलं. डब्यामुळं नव्हे, ओळीमुळं.

खाली उतरलो तर त्या मार्कलिस्टच्या घरातली बाई उभी. मदतीचं किट घ्यायला बोलावलेल्यांतली. किट कवितांनंतर वाटणार होते, म्हणजे दोन तास बसूनच होती. रागावली वगैरे नव्हती.

"सर, मार्कलिस्ट वाळली का न्हाई, ते विचारलं न्हाईसा की."

"वाळली ना?"

"शाई पसरली. नंबर सुदिक दिसंना. दुसरी कुठं मिळती, तेवढं सांगा."

मला माहीत नव्हतं. 'बघतो' म्हणालो. तेवढ्यात फोटोसाठी हाक आली आणि मी गेलो. परत आलो तोवर ती किट घेऊन निघून गेलेली. कोल्हापूरच्या विभागीय मंडळात दुसरी प्रत मिळते, हे नंतर कळलं. तिचं घर माहीत होतं, सायकलवर दहा मिनिटं. गेलो नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून.

डबा भरला ना, म्हणाल. भरला. त्यातून गाद्या आल्या, पोरांच्या वह्या आल्या, हे मी नाकारतच नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांचं नाटक इथं उभं राहिलं तेही संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयानं. शहरानं कलावंताला पोसायचं, ही सांगलीची जुनी रीत. त्यानं उलट काय द्यायचं, तेवढं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. तेव्हापासून मी पावत्या फाडतो. त्या वर्षी निम्मी पावतीपुस्तकं कोरी परत आली. संयोजक तोंडावर म्हणाला, "सर, तुमच्या लाजेपायी लोकांच्या गाद्या कमी झाल्या." त्याच्याशी मी अजून भांडतोय. त्याचं चुकतंय कुठं, ते मात्र सापडत नाही.

यंदाही त्याचा फोन आलाय. तीच कविता वाचा म्हणतो. एवढं खुपत असेल तर शेवटची ओळ गाळा. टाळ्या त्याच ओळीला पडल्या होत्या, हे त्यालाही माहीत आहे.