लेकीची एअर रायफल घेताना

गेल्या दिवाळीनंतर लेकीच्या प्रशिक्षकांनी 'आता क्लबच्या रायफलीवर फार दिवस भागणार नाही' असे सांगितले आणि आमच्या घरात चौकशीसत्र सुरू झाले. ती बालेवाडीला सरावाला जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या ओळखीच्या प्रत्येक क्लबात मुलांची संख्या वाढली आहे, त्यामुळे चार मुलांत एक रायफल आणि प्रत्येकाच्या मापाप्रमाणे तिचे दर वेळी फिरवले जाणारे स्क्रू, अशी अवस्था होती.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो आणि त्याला बंदुकांचा नाद आहे. मी काही विचारण्याआधीच त्याने सेमी-ऑटोमॅटिक रायफली घेण्यापूर्वी त्यांची तुलना कशी करतात, यावर लांबलचक मेसेज पाठवले. आपल्या शस्त्र कायद्यात त्या जातीच्या बहुतेक रायफली प्रतिबंधित गटात मोडतात, त्यामुळे त्याने सुचवलेली नावे माझ्या काही कामाची नव्हती. त्याचा एक मुद्दा मात्र डोक्यात पक्का बसला. दर्जा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे. नळी कितीही अचूक असली तरी मॅगझिनच्या वरच्या कडा जराशा वाकलेल्या असल्या, तर पुढचे काडतूस नीट वर चढत नाही आणि रायफल ऐन वेळी अडकते. म्हणून तो रायफल हातात घेतल्यावर आधी मॅगझिन तपासतो, नळीकडे नंतर वळतो.

दहा मीटरच्या एअर रायफलीत मॅगझिन नसते. एका वेळी एकच छर्रा हाताने ठेवायचा, खटका ओढायचा, पुन्हा तरफ मागे घ्यायची. अडकण्याचा प्रश्नच नाही. मग इथे भरवसा कुठे तपासायचा? त्याचे उत्तर हवेत सापडते. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने भरलेली हवा रेग्युलेटरमधून कमी दाबावर येते आणि प्रत्येक छर्‍याला तेवढाच धक्का देते. रेग्युलेटर सुस्त झाला किंवा एखादी ओ-रिंग, म्हणजे हवा रोखणारे गोल रबरी सील, झिजली, तर रायफल बंद पडत नाही. ती निमूटपणे चुकत राहते आणि दोष मुलीच्या हाताला लागतो.

हे किती महागात पडते, याचा मी वहीत हिशेब मांडला. छर्रा सेकंदाला सुमारे १७२ मीटर वेगाने निघाला तर दहा मीटर जाईपर्यंत तो साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. वेग पाच मीटरने घटला तर हाच छर्रा आणखी एक मिलिमीटर खाली लागतो. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते, पण लक्ष्यावरचा दहाचा ठिपका मुळात अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि गुण दशांशात मोजतात तेव्हा केंद्रापासून प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. म्हणजे मुलीचे काही चुकलेले नसताना चार दशांश गेले, आणि तेही साठ नेमांच्या स्पर्धेत कुठल्या नेमाला जातील याचा नेम नाही.

म्हणून आम्ही क्लबाकडून वेगमापक यंत्र मागून घेतले. कोथरूडमधल्या एका विक्रेत्याकडे एक जुनी वॉल्थर आणि एक जुनी फाइनवेर्कबाउ, अशा दोन रायफली होत्या. दोन्ही जर्मन, दोन्हींच्या नळ्या उत्तम. शिकंज्यात घट्ट बसवून एकाच डब्यातल्या छर्‍यांनी पाच-पाच नेम मारले, तेव्हा दोन्हींची भोके जवळजवळ एकमेकांत मिसळली. त्या कागदांवरून निवड करायची असती तर मी नाणे उडवले असते. मग वेग मोजला. एकीचे वीस नेम १६८ ते १७६ च्या दरम्यान भटकत होते, दुसरीचे १७१ ते १७३ च्या पलीकडे गेले नाहीत. कुठली कुठली ते सांगत नाही, कारण हा फरक कंपनीचा नव्हता. एकीचे सील वेळेवर बदललेले होते आणि दुसरीचे नव्हते, एवढेच.

खरा घोळ सिलिंडरवर झाला. जी रायफल आम्हाला पसंत पडली, तिच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचायला मी मोबाइलचा दिवा लावला, तर निर्मितीला नऊ वर्षे उलटून गेलेली. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षे असते आणि ती संपलेली नाही याची जबाबदारी खेळाडूची असते. मी हे सांगितल्यावर विक्रेत्याने "अहो, तेवढं कोण बघतंय?" असे अस्सल पुणेरी निश्चिंतीने उत्तर दिले. दोनशे बार दाबाचे भांडे लेकीच्या गालाजवळ असते, हे त्यांच्या लेखी फारसे महत्त्वाचे नसावे. सोबत दिलेला दुसरा सिलिंडर तर मुदत संपलेलाच होता. दोन नव्या सिलिंडरांची किंमत वजा करायला ते तयार होईनात, तेव्हा आम्ही उठलो.

शेवटी एका निवृत्त खेळाडूकडून रायफल घेतली. तिचा दस्ता अ‍ॅल्युमिनियमचा आहे. मला स्वतःला लाकडी दस्ता डोळ्यांना फार आवडतो, पण तेरा वर्षांच्या मुलीची उंची दर सहा महिन्यांनी बदलते, आणि गालपट्टी, खांद्याची पट्टी, हाताचा टेकू हे सगळे मिलिमीटरच्या हिशेबाने सरकवता येणे तिच्यासाठी जास्त मोलाचे आहे. ४.५ मिलिमीटरची नळी आणि वीस जूलच्या आतली ताकद असल्यामुळे हिला परवाना लागत नाही. आमच्या मोजणीप्रमाणे ती जेमतेम आठ जूल भरते. तरीही ती कपाटात कुलपात असते आणि किल्ली माझ्याकडे.

व्यवहार पक्का करण्यापूर्वी मी त्या खेळाडूकडे एकच सवलत मागितली: सिलिंडर भरून रायफल एक रात्र आमच्या घरी राहू द्यावी. रात्री दहाला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बरोबर १८० बारवर होता आणि मी त्याचा फोटो काढून ठेवला. सकाळी साडेसहाला लेक माझ्याआधी उठून पेटीपाशी बसलेली होती. "बाबा, हललेला नाही," ती म्हणाली. मी चष्मा लावून खात्री केली आणि मगच पैसे पाठवले.