वठा

दुपारी लेक गृहपाठाच्या वहीवर डोकं टेकून खुदुखुदु हसत होती. विचारलं, तर एक लांबलचक डच शब्द माझ्यापुढे सरकवला. 'वाच.' मी वाचलं, डाइ-क्राम्प. मांडीला आलेला पेटका.

'अगं आई, डाइक-राम्प!' बांध फुटून आलेलं संकट.

मुळात या देशात जागेची चणचण, शब्दांच्या मध्ये तरी कशाला सोडतील? सगळं एकाला एक चिकटवलेलं. 'फाल्काउल' म्हणजे खरं तर फाल-काउल, सापळ्याचा खड्डा. मी फाल्क-आउल वाचते. अर्धा ससाणा, अर्धं घुबड. हा पक्षी मला मनापासून आवडतो. माझ्या मते दोष लिपीचा. मराठी डोळ्याला क आणि र शेजारी दिसले की त्यांचा 'क्र' केल्याशिवाय चैन पडत नाही.

आणि आघात! आपली मराठी पंगतीत वाढल्यासारखी सगळ्या अक्षरांना सारखंच वाढते. इथे 'फोरकोमेन'मध्ये 'फोर'वर जोर दिला की 'घडणं', 'को'वर दिला की 'टाळणं'. वर्गातल्या मारामारीबद्दल लेकीच्या बाईंना 'हे टाळायला हवं' सांगायला गेले आणि 'हे घडायला हवं' असं ठासून सांगून आले.

हे लहानपणापासूनचंच. आजोबा रस्त्याने जाताना पाट्या वाचायला लावत. नगरपालिकेवर 'पाणीपुरवठा विभाग' लिहिलेलं. मी 'पाणीपुर' पर्यंत पोचले आणि तोंडाला पाणी सुटलं. पुढचं 'वठा' काय ते आत गेल्यावर कळेलच. आत आजोबांनी पाणीपट्टी भरली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि आम्ही घरी. पुढे कित्येक महिने मला हाक यायची, 'ए वठा!'

लेकीच्या त्या गृहपाठाच्याच महिन्यात तिच्या वर्गाची सहल झेलंड प्रांतातल्या औवरकेर्कच्या संग्रहालयात गेली. सोबतीला पालक हवे होते, मी गेले. काँक्रीटच्या चार अवाढव्य पेट्यांत ते संग्रहालय आहे. बांधाचं शेवटचं भगदाड याच पेट्या बुडवून बुजवलं होतं. १९५३ सालच्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र आत शिरला. नेदरलंड्समध्ये १८३६ माणसं गेली.

लेकीने तिथला शब्द बोट ठेवून हळूहळू वाचला. वाटर्स-नोट-राम्प, महापुराचं संकट. बरोबर तोडला होता. जोरही बरोबर दिला, पहिल्यावर, पाण्यावर.