जानेवारीत चौथा गिअर पडेना

आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ४-५ अंशांवर उतरतो आणि मे-जूनमध्ये ४५ ओलांडतो. माणसं निभावून नेतात. गाड्यांचे मात्र हाल होतात, आणि मिस्त्रींची चांदी.

माझी गाडी जुनी, सेकंडहँड, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचऐवजी इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारी. गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला म्हणून घेतली. यंदाच्या थंडीत तिने खोड काढली. शिंदे की छावणीतून निघून हजिऱ्याच्याही पुढे जावं, तरी चौथा गिअर पडायचा नाही. वेग ६०, आरपीएमचा काटा तीन हजारांकडे आणि इंजिनाची नुसती बोंबाबोंब. पुण्याच्या साडूला फोनवर सांगितलं तर म्हणे, "अहो, ऑटोमॅटिक ना ती? तिचं ती बघेल की!" पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर मिरवायची सोय. त्याला काय कप्पाळ समजावणार?

गारठ्यात थोडी कुरकुर चालायचीच. गिअरबॉक्समधलं एटीएफ, ते लाल तेल, नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतल्या क्लच प्लेट आवळल्या जातात. थंडीत ते दाटतं, व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून सावकाश सरकतं, म्हणून सकाळी डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग हलका धक्का देते. शिवाय इंजिन आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावेत म्हणून कंप्यूटर मुद्दामच खालचा गिअर धरून ठेवतो. माझ्यासारख्या कित्येक गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, पुरेसं तापेपर्यंत ओव्हरड्राइव्ह (म्हणजे हाच चौथा गिअर) आणि लॉक-अप (टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जोडला जाणं) मिळतच नाही. पहिल्या काही किलोमीटरांत हे झालं तर चहा पिऊन निघावं आणि गप्प बसावं. पण अर्ध्या तासानेही तेच?

एका सर्व्हिस सेंटरने गाडी लिफ्टवर न चढवताच गिअरबॉक्स ओव्हरहॉलचं कोटेशन हातात ठेवलं. आकडा लिहीत नाही, घरचे हे वाचतात.

मग गेलो झाशी रोडवरच्या आमच्या मिस्त्रींकडे. त्यांनी गिअरबॉक्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेम्परेचरच्या काट्याकडे बोट दाखवून विचारलं, "साहब, ये सुई कभी बीच में आती है?" येत नव्हती. इंजिन थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि माझा हात रेडिएटरच्या वरच्या होजवर ठेवला. खरं तर इंजिन तापेपर्यंत तो होज गार राहायला हवा, मग एकदम गरम व्हायला हवा. हा पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत होता. म्हणजे कूलंट सुरुवातीपासून रेडिएटरमध्ये फिरतंय, आणि इंजिन तापायच्या आत पुन्हा गार होतंय. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. त्याचं झाकण उघडलं. आत काहीच नाही! आधीच्या मालकाने तो काढूनच टाकला होता.

इकडे हे सर्रास चालतं. उन्हाळ्यात उरवाई गेटचा चढ चढताना गाडी उकळली की थर्मोस्टॅट काढा, झालं काम. खरा दोष बहुतेक वेळा गाळ भरलेल्या रेडिएटरचा किंवा पंख्याचा असतो. मे महिन्यातला हा जुगाड जानेवारीत गिअरबॉक्सला नडतो: कूलंट तापत नाही, कंप्यूटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि चौथा गिअर तो दाबून ठेवतो.

नवा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा. बसवण्याआधी मिस्त्रींनी तो चहाच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात सोडला. आतलं मेण फुगलं, मधली चकती स्प्रिंग दाबत सरकली आणि बाजूने फट दिसू लागली. बाहेर काढल्यावर मिटली. शोरूममध्ये असलं काही कुणी दाखवत नाही. रेडिएटरही साफ करून घेतला, नाहीतर जूनमध्ये पुन्हा तेच रडगाणं.

आता बाड्याचा चौक ओलांडून रस्ता जरा मोकळा झाला की चौथा पडतो. एटीएफची पातळीही पाहून घेतली, तीही गिअरबॉक्स गरम असताना, कारण थंड तेल आकसतं आणि खूण फसवते.

शेजारच्या वहिनींनी हे ऐकून त्यांच्याही गाडीचा थर्मोस्टॅट बघायला सांगितला. त्यांची एएमटी आहे. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम विजेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर करतो. थंडीत ती अडखळली तर मी आधी बॅटरी तपासून घेईन.

माझ्या गाडीत डी टाकल्यावरचा सकाळचा तो क्षणभराचा विचार अजून आहे. तो गरम गाडीतही व्हायला लागला तर सील गेले असतील किंवा पंप. मग मात्र बॉक्स उघडावाच लागेल, म्हणून ते कोटेशन अजून फाडलेलं नाही.