चेन्नईच्या रस्त्यांवरची फॉर्म्युला 4: बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

रस्त्यावरची शर्यत बघायला जाणार असाल तर सरावाचं सत्र चुकवू नका. मुख्य शर्यत एक वेळ घरी पडद्यावर जास्त चांगली कळते, पण गाडी चालवणारी पोरं रस्त्याकडेच्या भिंतीला हळूहळू कशी सरावतात ते फक्त तिथे उभं राहूनच दिसतं.

31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 ला चेन्नईत दिव्यांच्या उजेडात फॉर्म्युला 4, म्हणजे फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या वाटेवरची सुरुवातीच्या पायरीची मोटारशर्यत, झाली. भारतातली शहरी रस्त्यांवरची ही पहिली रात्रीची शर्यत. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात, मेकॅनिकलला असलेला माझा भाचा आणि दांडिया बाजारातले त्याचे दोन मित्र यांच्याबरोबर मी गेलो होतो. आयलंड ग्राउंड्सभोवतीचा मार्ग साधारण साडेतीन किलोमीटरचा, 19 वळणांचा. एरवी ज्या अण्णा सलाईवरून बस आणि रिक्षा धावतात, तिथेच दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि वर उंच जाळी.

फॉर्म्युला 4 मध्ये पंधराव्या वर्षापासून गाडी चालवता येते. इथे सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी आणि एकच इंजिन मिळतं, त्यामुळे फरक दिसतो तो चालवणाऱ्याचाच. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या कायमच्या ट्रॅकवर चूक झाली तर गाडी बाहेर मोकळ्या जागेत जाते आणि परत येते. इथे बाहेर जागाच नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे असतात, डांबर जागोजागी वेगळं असतं. पहिल्या फेऱ्यांत सगळे भिंतीपासून चांगलं अंतर ठेवतात. मग एखादा वितभर जवळ जातो, पुढच्या फेरीत आणखी थोडा. भाच्याने मला डोळे मिटायला लावले. "मामा, आता नुसतं ऐक. इंजिनचा आवाज कुठे तुटतो बघ." खरंच, एका गाडीचा आवाज दरवेळी थोडा पुढे तुटत होता. ब्रेक उशिरा लागत होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची ती हिंमत आणि तो हिशोब पाहून माझ्या अंगावर काटा आला. अहमदाबादच्या नावाचा एक संघ होता, त्याच्या गाड्या आल्या की आमची पोरं उभी राहून ओरडायची.

म्हणून जागा निवडताना सरळ रस्त्याच्या मध्यावरची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिथे गाडी दिसते न दिसते तोवर गेलेली असते. सरळ रस्ता संपून वळण सुरू होतं तिथली जागा घ्या, शक्यतो वरच्या रांगेतली, कारण खालून जाळीच जास्त दिसते. समोर मोठा पडदा आहे का तेही बघा. त्याच्याशिवाय कोण कितवा आहे ते कळत नाही.

जायला नवजीवन एक्स्प्रेस सोयीची. रात्री बडोद्याला बसायचं, दुसरा दिवस अकोला, वर्धा, बल्लारशा करत जातो आणि त्यापुढच्या सकाळी चेन्नई सेंट्रल. आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं, लवकर भरतं. सेंट्रलहून आयलंड ग्राउंड्स पायी जाण्याइतकं जवळ आहे, तेव्हा राहायला त्याच भागात खोली बघा. विमानाने गेलात तर विमानतळावरून निळ्या मार्गाची मेट्रो थेट सेंट्रलला आणते. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात, रिक्षा-टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

तारखांबाबत मात्र सावध राहा. हीच शर्यत आधी डिसेंबर 2023 मध्ये व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे गेली. 2024 मध्येही एफआयएचा, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेचा, परवाना यायला उशीर झाला आणि शनिवारचा कार्यक्रम रात्रीवर गेला. आम्ही बराच वेळ नुसते बसून होतो. रस्त्याचा ट्रॅक थोड्या दिवसांत उभा करतात आणि त्याची तपासणी तो उभा झाल्यावरच होऊ शकते, त्यामुळे असा उशीर होणारच असं धरून चाला. परतीचं तिकीट शर्यतीच्या रात्रीचं काढू नका, दुसऱ्या दिवसाचं काढा. नवजीवन सेंट्रलहून सकाळीच निघते, तेही बरं पडतं.

ऑगस्टअखेरीस चेन्नईत संध्याकाळी पावसाची सर येऊ शकते. छत्रीने मागच्यांची अडचण होते, रेनकोट न्या. घाम इतका येतो की पाण्याबरोबर मीठ-साखरेची पाकिटंही ठेवा. कानात घालायचे बोळे प्रत्येकासाठी हवेतच, आणि लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे संरक्षक घ्या. ते बडोद्यातूनच घेऊन जा, ऐनवेळी तिथे शोधत बसू नका.