डोहातल्या आंबळीसाठी पाग घेताना: माझा अनुभव

पाग म्हणजे हातानं गोल फेकायचं, कडेला शिशाचे मणी लावलेलं जाळं. ते विकणाऱ्यानं माप फुटात लिहिलंय, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) मिलिमीटरमध्ये लिहिलाय आणि शिशाचं वजन लिहिलेलंच नाही, अशी जाहिरात दिसली तर लगेच पैसे भरू नका. आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. मी विचारलं होतं, लेखी विचारलं होतं, तरी चुकीचं जाळं घरी आलं. ते परत घ्यायला त्या कंपनीनं जो वेळ लावला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी गरज काय होती ते सांगतो. सांगलीला कृष्णेत गळ टाकणारे आम्ही बहुतेक जण गांडूळ नाहीतर कणकेवर भागवतो. पण मोठी मरळ, वाम आणि शिंगाळा जिवंत माशावर येतात, तेवढे गांडुळावर येत नाहीत. त्यासाठी तीन-चार इंचाची आंबळी किंवा चिलापीची पिल्लं लागतात. पावसाळा सरून नदी निवळली की ही बारीक मासळी सकाळी काठाला असते, तेव्हा कुठलाही पाग चालतो. पुढं म्हैसाळच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की हरिपूरच्या संगमापर्यंत पाणी फुगतं. थंडीच्या दिवसांत ऊन चढलं की आंबळी काठ सोडून डोहात खाली उतरते. वीस-पंचवीस फूट पाण्यात काठावरचा हलका पाग टाकला तर पाच-सहा वेळा टाकून हाताला चार मासे लागत नाहीत. म्हणून खोल पाण्याचा वेगळा पाग घ्यायचं ठरवलं.

परवानगीचं काम एका चहात झालं. ज्या पाण्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडं आहे, तिथं जाळं टाकायच्या आधी संस्थेला विचारावंच लागतं. आमिषापुरती मासळी काढतोय, विकायची नाही, एवढं सांगितलं आणि विषय मिटला.

दुकानात मिळणारे पाग काठावरच्या मासेमारीचे असतात, शिसं कमी आणि दोर तोकडा. म्हणून ऑनलाइन बघितलं. जाहिरातीत लिहिलं होतं, "८ फूट, आस १० मिमी, तंगूस." तंगूस म्हणजे एकेरी नायलॉनचा धागा. मी चॅटवर तीन प्रश्न टाकले. ८ फूट म्हणजे शेंडीपासून (दोर बांधतात ते मधलं टोक) शिशाच्या कडेपर्यंत ना? आस गाठीपासून गाठीपर्यंत मोजलाय की ताणून? शिसं किती किलो? उत्तर आलं, "येस सर, ८ फूट शेंडी ते कड, आस गाठ ते गाठ, वजन भरपूर." वजनाचा आकडा पुन्हा मागितला, तो आलाच नाही. बाकी दोन उत्तरं स्पष्ट होती म्हणून ऑर्डर दिली आणि चॅटचा फोटो काढून ठेवला. हा फोटो काढायला कधीही विसरू नका.

आसाची ही भानगड नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथंच बुडतात. जाळ्याच्या एका चौकटीची बाजू गाठीपासून गाठीपर्यंत मोजली की १० मिमी भरते. तीच चौकट दोन टोकांना धरून ताणली की २० मिमी भरते. जाळं तेच, आकडे दोन. आपल्याकडचे कोळी आणि जाळ्याचे कारखाने बहुतेक ताणून मोजतात. परदेशी पागांवर मात्र गाठ ते गाठ माप छापतात, ३/८ इंच, १/२ इंच असं. त्यामुळं नुसतं "१० मिमी" वाचून काहीच कळत नाही.

पार्सल उघडलं आणि फूटपट्टी लावली. ताणून १० मिमी, म्हणजे गाठ ते गाठ ५. जाळं घेऊन नदीवर गेलो. तिथं एक म्हातारे भोई मामा रोज होडी घेऊन असतात. त्यांनी कड हातात घेतली, अंगठ्यावर ताणली आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो पाग न्हाय, मच्छरदाणी हाय. डोहात टाकशीला तर उद्या सकाळी तळाला जाईल."

मग सुरू झाला परतीचा घोळ. पहिल्या फोनला सांगितलं, फोटो पाठवा. फूटपट्टीसकट फोटो पाठवले. दुसऱ्या फोनला वेगळाच माणूस, त्याला पहिल्या फोनचं काही माहीत नाही. तो म्हणाला, "सर, प्रॉडक्ट डिस्क्रिप्शनप्रमाणेच आहे, आस १० मिमीच आहे." मी म्हटलं, ताणून १० आहे, तुमच्या माणसानं गाठ ते गाठ सांगितलंय. त्यानं विचारलं, "सर, गाठ म्हणजे?" जाळी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला गाठ म्हणजे काय ते माहीत नव्हतं! दर वेळी तक्रारीचा नवा नंबर, दर वेळी "४८ तासांत उत्तर मिळेल", आणि अठ्ठेचाळीस तासांनी तक्रार "निकाली काढली" असा मेसेज. उत्तर न देता निकाली कशी निघते, हे मला कुणीही सांगितलं नाही. जाळं पाण्यात घातलं असतं तर परत घेतलंच नसतं, म्हणून ते खोक्यातच पडून होतं. तिकडं हंगाम चालला होता. थंडी संपून उन्हाळा लागला की आंबळी पुन्हा वर येते, मग खोल पाण्याचा पाग घेऊन काय करायचं?

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. चॅटचा फोटो, जाहिरातीचा फोटो आणि फूटपट्टीचा फोटो, तिन्ही जोडले. त्यानंतर कंपनीचा फोन स्वतःहून आला. माणूस आदबीनं बोलला, पार्सल उचललं, पैसे पूर्ण परत आले. तेच काम पहिल्या फोनला करता आलं असतं. तुमच्यावर ही वेळ आली तर कंपनीशी दोनदा बोला, तिसऱ्यांदा थेट १९१५ फिरवा.

ह्या मधल्या काळात मी मिरज तालुक्यातल्या सासरच्या विहिरीवर एक प्रयोग केला, आणि खरं शहाणपण तिथं आलं. विहीर चांगली रुंद आहे आणि हिवाळ्यात पाणी निवळशंख असतं. पाहुण्यांकडून आणि मामांकडून दोन-तीन पाग मागून आणले, पायरीवर उभा राहून टाकले आणि ते खाली जाताना बघत बसलो. हलका, बारीक आसाचा पाग पाण्यावर ताटासारखा गोल पडला. पण पाण्याखालची तिसरी पायरी ओलांडायच्या आत त्याच्या शिशाचे मणी एकमेकांकडं सरकायला लागले आणि पाचव्या पायरीला सगळी कड मुठीत मावेल एवढी गोळा झाली. तळाला पोचलं ते मिटलेलं जाळं. त्यात मासा कसा सापडणार?

कारण बघितल्यावर सोपं वाटतं. शिसं खाली जातं, पण जाळीला पाणी अडवतं, म्हणून शेंडी मागं राहते. शेंडी वरच राहिली तर ८ फुटी पाग ८ फूट खोलीवर पुरता मिटणारच, त्याला इलाज नाही. कड उघडी ठेवून तळ गाठायचा तर शेंडीनंही शिशामागोमाग भराभर खाली यायला हवं. आस जितका बारीक, तितका धागा जास्त आणि पाण्याचा अडथळा जास्त. म्हणून खोल पाण्यात बारीक आसाचा मोह सोडायचा आणि मासा अडकणार नाही इतपत मोठ्यात मोठा आस घ्यायचा. फार मोठाही नको, नाहीतर आंबळीचं डोकं आसात शिरतं, कल्ले अडकतात आणि जाळं वर काढेपर्यंत मासा मेलेला असतो. मेलेली आंबळी माझ्या काय कामाची? तीन-चार इंचाच्या माशाला गाठ ते गाठ १० मिमी बरोबर बसतं. पाच-सहा इंचाची चिलापी हवी असेल तर १३ ते १६.

शिशाचं गणित असं. नेहमीच्या पागाला शेंडी ते कड दर फुटामागं साधारण ४५० ग्रॅम शिसं असतं. खोल पाण्याला ६५०-७०० ग्रॅम हवं. म्हणजे ८ फुटी पागाला साडेपाच किलोच्या आसपास. ओला झाला की तो आणखी जड होतो. खांदा दुखरा असेल तर ६ किंवा ७ फुटी घ्या, पण फुटामागचं शिसं कमी करू नका. विहिरीत मामांचा लहान पण जड पाग मोठ्या हलक्या पागापेक्षा उघडा राहून तळाला गेला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. धागा तंगुसाचाच घ्या. सुताचा किंवा पिळाच्या नायलॉनचा पाग पाणी धरतो आणि सावकाश बुडतो.

दोराचं राहिलंच. पागासोबत येणारा दोर बऱ्याचदा तोकडा असतो. डोहात आधी दोरीला दगड बांधून खोली मोजा आणि त्याहून दहा फूट तरी जास्त दोर लावा. टाकल्यावर दोर हातातून सैल सुटत राहिला पाहिजे. तो ताणला की शेंडी अडते आणि वरचं सगळं गणित फुकट जातं. शिसं तळाला टेकलं की दोराला हलकी ढिलाई जाणवते, मग एक झटका देऊन ओढायला लागायचं.

अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाकडं खोल खाडीत कोळंबी धरणारे शिशाच्या कडेच्या थोडं वर जाळीला चिकटपट्टीचा पट्टा गोल लावतात. पाणी त्या पट्ट्याला बाहेर ढकलतं आणि कड उघडी राहते. मी मामांच्या जुन्या पागावर हे करून बघितलं. विहिरीत फरक लगेच दिसला, कड चांगली खालपर्यंत रुंद राहिली. फक्त पट्टी दोन्ही बाजूंनी एकमेकीला चिकटेल अशी लावा, नाहीतर दोन वेळा टाकल्यावर सुटते.

शेवटी पाग घेतला तो मामांच्या ओळखीच्या जाळं विणणाऱ्याकडून. शेंडी ते कड ७ फूट, आस गाठ ते गाठ १०, शिसं पाच किलोला थोडं कमी, आणि कडेला आतल्या बाजूनं खिसे. आपल्या पागांना हे खिसे असतातच, पण ते किती खोल आहेत ते बघून घ्या. उथळ खिशातून आंबळी वर काढताना निसटते. पैसे ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त गेले, पण मी समोर बसून एकेक मणी मोजून घेतला. पहिल्याच सकाळी डोहातून बादली भरून आंबळी निघाली, सगळी जिवंत आणि एकही कल्ल्याला अडकलेली नाही. मामांनी बादलीत बघितलं आणि नुसती मान डोलावली. मला लई बरं वाटलं.

नवं तंगूस ताठ असतं, पहिल्यांदा टाकायच्या आधी कपड्यांचं कंडिशनर घातलेल्या पाण्यात तासभर भिजवा. वापर झाला की स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, उन्हानं तंगूस कुजतं. आणि दोराचा फास मनगटात अडकवत असाल तर कमरेला चाकू ठेवा. डोहात बुडालेली झाडं असतात, पाच किलोचा पाग फांदीत अडकला आणि धारेला होडी सरकली तर फास सोडवायला वेळ मिळत नाही, दोर कापावाच लागतो.