ताट वेगळं, नेलकटर मात्र एकच

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. दादा इतकी वर्षं सुईच्या भीतीने टाळायचा, या वेळी मित्रांनी ओढून नेलं म्हणून पहिल्यांदा दिलं. सहा-सात दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की रिपोर्टबद्दल बोलायचंय, प्रत्यक्ष येऊन जा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी, आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती. पुन्हा केलेली टेस्टही तशीच आली. दादाला कधी कसलाच त्रास नव्हता, डोळे पिवळे नाहीत की काही नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली, दिवसभर लोकांचं रक्त हाताळते. त्यामुळे त्या रविवारी माहेरी गेले तेव्हा मला रिपोर्टपेक्षा घर बघून जास्त धस्स झालं. आईने दादाचं ताट-वाटी-पेला वेगळं केलं होतं, ओळखू यावं म्हणून ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका, आणि दादा हॉलमध्ये एकटा जेवत बसलेला. चार वर्षांचा भाचा त्याच्याकडे धावत गेला की वहिनी त्याला मागे ओढायची. मग मी हात धुवायला बेसिनपाशी गेले तर आरशाखाली खिळ्याला नेहमीचा नेलकटर लटकत होता, सगळ्या घराचा एकच, त्याच्या दातात वाळलेला काळपट डाग. शेजारच्या ग्लासात सगळ्यांचे ब्रश एकमेकांना टेकून उभे, आणि रेझरही एकच, बाबा आणि दादा दोघं तोच वापरतात.

मी आईला तिथेच बोलावलं. म्हटलं, आई, ताट परत एकत्र कर आणि हा नेलकटर आधी फेकून दे.

ती म्हणाली, "अगं उष्टं लागतं ना पण."

उष्ट्याने होत नाही. लाळेत हा व्हायरस थोडा सापडतो हे खरंय, पण एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, खोकल्या-शिंकल्याने, मिठी मारल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही. तो मुख्यतः रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. वस्तूमधून लागायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या वस्तूवर पुरेसा व्हायरस असलेलं रक्त लागलेलं असलं पाहिजे, व्हायरस बाहेर तेवढा वेळ टिकला पाहिजे, आणि समोरच्याच्या शरीरात शिरायला वाट पाहिजे म्हणजे कापलेली जागा, हिरडी, डोळा, असं काहीतरी. ताटाच्या बाबतीत हे जुळत नाही. नेलकटर आणि रेझरच्या बाबतीत मात्र तिन्ही जुळतात, कारण त्यांचं कामच कातडीला लागून आहे, किंचित रक्त येतं, आपल्याला कळतही नाही आणि पुढचा माणूस तेच आपल्या नखाशी नाहीतर गालाशी नेतो.

आणि टिकण्याचं म्हणाल तर हा व्हायरस फार चिवट आहे. वाळलेल्या रक्तात, साध्या खोलीच्या तापमानाला, तो निदान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणून आमच्याकडे टेबलावर वाळलेला थेंब दिसला तर कोणी नुसतं फडकं मारत नाही, ग्लोव्हज घालायचे, टिश्यू ठेवायचा, वर १ टक्क्याचं हायपो, म्हणजे ब्लीचसारखं जंतुनाशक द्रावण, ओतायचं, १० मिनिटं थांबायचं आणि मगच पुसायचं. लोक एचआयव्हीला सगळ्यात जास्त घाबरतात, पण तो शरीराबाहेर पडला की लवकर निकामी होतो, हात मिळवल्याने, संडासच्या सीटने, डास चावल्याने तो होत नाही. वापरलेली, त्या त्या आजाराच्या पेशंटचं रक्त लागलेली सुई टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता हजारात ३ च्या आसपास, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागायची शक्यता शंभरात ६ पासून ३० पर्यंत. अखंड कातडीवर रक्त उडलं तर साबण-पाण्याने धुवायचं, घाबरायचं कारण नाही. मला स्वतःला २०१९ मध्ये सुई टोचलेली आहे, पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह होता, पण माझे लसीचे तिन्ही डोस झालेले आणि टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण, चांगलं होतं म्हणून त्या रात्री मी झोपू शकले.

लस आहे हो या आजाराला, आणि ती इतकी चांगली आहे की हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपलं स्वतःचं काय झालंय ते तपासावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली, त्यामुळे आजची मुलं बरीचशी सुरक्षित आहेत आणि आपल्या वयाचे लोक नाहीत. भाच्याचं कार्ड काढून बघितलं, जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस, त्यात हीही असते), सगळं लिहिलेलं. वहिनीला ते कार्ड वाचून दाखवलं तेव्हा ती रडली. महिनाभर तिने मुलाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नव्हतं.

मग सगळ्यांच्या टेस्ट केल्या. आई निगेटिव्ह, वहिनी निगेटिव्ह पण तिच्या अंगात अँटीबॉडी शून्य. बाबांचं वेगळंच निघालं, त्यांना कधीतरी होऊन गेलेलं आणि शरीराने आपोआप परतवून लावलेलं. मोठ्या वयात लागण झाली तर शंभरातले ९५ असेच बरे होतात, पण तान्ह्या बाळाला लागली तर ९० टक्क्यांच्या अंगात ती कायमची बसते. बाबा म्हणाले, लहानपणी गावात डॉक्टर यायचे, एक काचेची सिरिंज, ती पातेल्यात उकळायची आणि रांगेने सगळ्यांना टोचायची. कदाचित तिथून, कदाचित सलूनमधून. दूरची गोष्ट वाटते पण २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि माणसं गेली.

सलूनबद्दल एक सांगायचंय. हल्ली ब्लेड बदलायला सगळे सांगतात आणि कारागीरही आपल्यासमोर नवं ब्लेड मोडून लावतात, चांगलं आहे. पण दाढी झाल्यावर ती तुरटी! कापलेल्या जागेवर, रक्त थांबावं म्हणूनच, तोच ओला खडा एकामागून एक गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवतात. दादाने आता स्वतःची तुरटी घेतलीय, डबीत घालून सोबत नेतो, आणि कारागिराला स्वतःहून सांगतो की कापलं तर मला सांग, मीच पुसतो.

दादाचं व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते) आणि सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी सध्या औषध नको म्हटलंय, दर सहा महिन्यांनी तपासणी आणि दारू पूर्ण बंद. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्यामुळे पुढे लागलं तरी पैशाची काळजी नाही. वहिनीचं टायटर येईपर्यंत कंडोम वापरा हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं, लाजून चालण्यासारखी गोष्टच नाही ती.

बेसिनपाशी आता पाच खिळे आहेत, पाच रंगांचे नेलकटर. ब्रश वेगवेगळ्या कप्प्यात. लाल ठिपक्याचं ताट आईने स्वतः थिनरने घासलं, ठिपका गेला पण कडेला जरा फिकट डाग राहिलाय, आणि परवा गेले तेव्हा त्या ताटात भाचा वरणभात खात होता, बापाच्या मांडीवर बसून. वहिनीचे पहिले दोन डोस झालेत, तिसरा पुढच्या महिन्यात आहे आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने टायटरसाठी तिचं रक्त मीच काढणार आहे.