टांगलेल्या सायकलचा टायर फुटला

शनिवारी सकाळी सायकलच्या दुकानाचं शटर वर करतोय तोच फोन. गेल्याच महिन्यात आमच्याकडून मुलीसाठी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतलेलं गिऱ्हाईक. "दादा, टायर फुटलाय, येता का?" म्हटलं कुठे चालवताय, तर म्हणे चालवत नाहीये, सायकल कारच्या मागे टांगली होती, साताऱ्याला निघालोय, आता खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ उभे आहोत. टांगलेल्या सायकलचा टायर फुटतो?? बारा वर्षं हे काम करतोय, असली केस पहिलीच. ट्यूब, टायर, दोन जास्तीचे पट्टे सॅकमध्ये टाकले आणि धनकवडीतून निघालो.

तिथे गेलो तर हॅचबॅकच्या डिकीवर पट्ट्यांचं कॅरिअर, ऑनलाइन मागवून स्वतःच लावलेलं, त्यावर तीन सायकली, तिसरी मेव्हण्याची. एमटीबीचं मागचं चाक बरोब्बर सायलेन्सरच्या तोंडासमोर, वीतभर पण अंतर नाही. टायरला एका बाजूने हाताच्या पंजाएवढा चट्टा पडलेला, रबर चिकट झालेलं, रिमला हात लावला तर चटका. "मला वाटलं कारचाच टायर गेला, केवढा आवाज!" साहेब अजून घाबरलेलेच होते.

बाकीचं बघितलं तर टायर फुटला ते बरंच झालं म्हणायचं. वरचे हूक प्लॅस्टिकच्या स्पॉयलरला अडकवलेले आणि स्पॉयलर वाकायला लागलेला, म्हणजे खंबाटकीच्या वळणांवर तिन्ही सायकली मागच्याच्या बॉनेटवर गेल्या असत्या. नंबर प्लेट पूर्ण झाकलेली, टेल लॅम्पपण अर्धे. साहेब म्हणे पुठ्ठ्यावर नंबर लिहून लावू का. अहो, हाय सिक्युरिटी प्लेटच्या जमान्यात पुठ्ठा कोण मानणार? शिवाय हँडल दोन्ही बाजूंनी कारच्या बाहेर. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून माल मर्यादेबाहेर आला की कलम 194(1ए) खाली 20,000 दंड, वर तो माल उतरवायला लावतात. तेवढ्यात एक चांगली सायकल येते.

माणसं दोनच होती, म्हणून मागची सीट पाडली आणि दोन सायकली चाकं काढून आत घातल्या, चेन वरच्या बाजूला, मध्ये जुनी चादर. आता इथे मजा. मुलीने सहज ब्रेकचा लिव्हर दाबला. डिस्क ब्रेक, चाकाबरोबर पॅडमधली चकतीपण बाहेर, त्यामुळे पॅड गच्च मिटले. वीस मिनिटं टायर काढायच्या चपट्या पट्टीने हळूहळू उघडत बसलो, मग मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली. (तो नंबर प्लेटचा पुठ्ठा असा कामी आला!)

तिसरी सायकल मागेच ठेवली, पण हूक स्पॉयलरवरून काढून डिकीच्या पत्र्याच्या कडेला, कॅरिअरचे हात वर केले, पुढचं चाक काढून आत टाकलं, हँडल वळवून फ्रेमला बांधलं. प्लेट आणि दोन्ही लॅम्प मोकळे. सायलेन्सरपासून चाक लांब. पट्ट्यांची सुटी टोकं गुंडाळून गाठ मारली, कारण ती वाऱ्यावर फडफडली की बकल सैल होतं. म्हटलं शिरवळला थांबून एकदा हाताने हलवून बघा, सायकल हलताना कार पण हलली पाहिजे.

शिरवळहून फोन आला, पट्टा दोन बोटं सैल झाला होता. ओढून घ्या म्हटलं. दुकानात पोचेपर्यंत साडेबारा, मालकाने आधी सर्व्हिसिंगच्या चार सायकली दाखवल्या, मग चहा.